पंधराशे मीटरवरची बत्ती

वामनराव डोळ्यांनी तीक्ष्ण होता आणि जिभेनं त्याहून. बेसा गावाच्या शेतांना लागून एका खाण कंपनीची छोटी धावपट्टी होती, तिथं तो हवामानाच्या नोंदी ठेवायचा. वाऱ्याची दिशा, ढगांची उंची आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे नजर किती दूर पोचते ते. मी, विश्वनाथ, त्याच्याच खोलीत वायरलेसवर बसायचो आणि तो सांगेल तो आकडा पायलटला कळवायचो.

आमच्याकडं यंत्रं नव्हती. भिंतीवर खुणांचा तक्ता होता. विहीर चारशे मीटर, चिंच आठशे, गावातलं देऊळ पंधराशे. तिन्ही एकाच रेषेत. देऊळ दिसलं तर विमान उतरवायचं, नाही दिसलं तर परत पाठवायचं. कंपनीचा नियम एवढाच होता. अंधारात ना झाड दिसतं ना देऊळ, दिवा तेवढा दिसतो. म्हणून कार्तिक महिन्यात वामनरावाची मजा असायची. गावात रोज पहाटे काकडआरती, देवळाच्या मंडपात गॅसबत्ती टांगलेली. ती दिसली की तो पेन्सिल कानावरून काढायचा आणि पंधराशे लिहायचा.

त्याची बायको भागीरथा काटोलकडची, शेतकऱ्याच्या घरची, चौथी शिकलेली. वामनराव शहरातल्या महाल भागातल्या जुन्या कारकुनी घराण्यातला. बायकोच्या बोलण्याची नक्कल करून दाखवणं हा त्याचा दुपारच्या चहाबरोबरचा कार्यक्रम होता. ‘मले, तुले’ असं नाकातून म्हणायचा आणि आम्ही खो खो हसायचो. मी सगळ्यात मोठ्यानं, कारण माझी रजा त्याच्या शिफारशीवर मंजूर व्हायची.

चौऱ्याहत्तर साली कार्तिकी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी भागीरथा डबा घेऊन आली. डबा टेबलावर ठेवला आणि उभीच राहिली.

“आयकता का,” ती म्हणाली. “उद्या समाप्ती हाय. बत्ती देवळात नाही राहत. देवाच्या आंघोळीचं पाणी आणाले विहिरीवर नेतात. यंदा बत्तीचा मान आपल्या घरी हाय, मीच नेऊन राहिली.”

वामनरावानं मान वर केली नाही. “विश्वनाथ, ऐक. आता हवामान खात्याला नवीन बाई मिळाली.”

“विमान येते म्हणून सांगतलं,” ती म्हणाली.

“तुझं काम भाकरीचं. विमान उतरवायला लागलीस की मला कळव, मी भाकऱ्या थापतो.”

मी हसलो. ती आदल्या दिवशीचा रिकामा डबा घेऊन गेली. तिनं सांगितलेलं प्रत्येक अक्षर मी ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे दूरच्या खाणीवरून निरोप आला. एका मजुराचा पाय दगडाखाली चिरडला होता, त्याला शहरात धंतोलीच्या दवाखान्यात न्यायचं होतं. रवींद्र नावाचा सव्वीस वर्षांचा पायलट त्याला घेऊन निघाला. उजाडायला थोडा अवकाश होता आणि शेतांवर धुकं बसलं होतं. धावपट्टीच्या कडेचे रॉकेलचे दिवे चार-पाचच दिसत होते.

रवींद्र वायरलेसवर म्हणाला, “पेट्रोल आहे. नाही म्हणालात तर गोंदियाकडं वळतो. पण हा मनुष्य तेवढा टिकेलसं वाटत नाही.”

वामनराव दारात उभा राहिला. समोर धुक्यात एक बारीक, पिवळट उजेड होता. रोजच्या देवळातल्या बत्तीएवढाच. धुकं जवळचा दिवाही असा मंद करून दाखवतं, हे त्यानंच मला शिकवलं होतं.

“देऊळ दिसतंय,” तो म्हणाला. “पंधराशे.”

मला टाळ ऐकू येत होते. रोज ऐकू यायचे त्याहून फार स्पष्ट. भागीरथेचं बोलणं माझ्या ओठांपर्यंत आलं. मग वाटलं, हा मलाही भाकऱ्या थापायला लावेल. मी बटण दाबलं आणि म्हणालो, “पंधराशे मीटर. उतरा.”

रवींद्र भरवशानं खाली आला. धावपट्टी दिसली तेव्हा ती बाजूला राहिली होती. त्यानं विमान वळवलं आणि पंख चिंचेला लागला. विहिरीवरची माणसं धावली. सगळ्यांच्या पुढं भागीरथा, हातात गॅसबत्ती. आम्ही पोचलो तेव्हा ती बत्ती उंच धरून उभी होती आणि तिच्या उजेडात गावकरी दोघांना ओढून काढत होते. दोघांपैकी कोणी जिवंत नव्हतं.

कंपनीनं चौकशी बसवली. वामनरावानं शांतपणे जबाब दिला. “खुणेचा दिवा माझ्या बायकोनं हलवला. मला न सांगता.”

भागीरथा म्हणाली, “सांगतलं होतं. विश्वनाथ भाऊजी होते तेथं.”

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. वामनरावानंही पाहिलं. मी म्हणालो, “बाई डबा घेऊन आल्या होत्या. बाकी काही बोलल्याचं मला आठवत नाही.”

वामनरावाला ताकीद मिळाली. माझी नोकरी राहिली. गावानं बत्तीचा मान त्या घरातून कायमचा काढून घेतला, आणि बायका पाणवठ्यावर तिला जागा देईनात.

आठ वर्षांनी वामनराव निवृत्त झाला तेव्हा त्यानं मला जेवायला बोलावलं. आणखी दोन पाहुणे होते. भागीरथा वाढत होती. केस पांढरे झालेले. वामनराव पाहुण्यांना म्हणाला, “आमच्या घरात एक मोठी वैमानिक आहे बरं का.” मग तिच्याकडं वळला. “सांग, किती माणसं मारलीस?”

ती थांबली नाही. हे उत्तर तिनं कितीदा दिलं असेल कोण जाणे. “दोन,” ती म्हणाली आणि पुढच्या पानाशी वाकली.

पाहुणे हसले. मी हसलो नाही, पण बोललोही नाही. त्याची आता मला कसलीच भीती नव्हती, तरी बोललो नाही. ती माझ्या पानाशी आली, भाकरी वाढली आणि हळूच विचारलं, “भाऊजी, अजून आठवत नाही का?”

मी मान खाली घातली आणि भाकरी मोडली.