डोहातली मडकी

बोलताना तो जुना शिकारी समोरच्याच्या पायांकडे पाही, आणि मला उगाच भीती वाटे. पूर्वी डोक्यावर मडके पालथे घालून तो गळाभर पाण्यात शिरे व तरंगत्या मडक्याला न बुजणाऱ्या बदकांचे पाय धरून त्यांना खाली ओढी. बहात्तरच्या दुष्काळात पुणतांब्याच्या डोहावर गावाने शिकारबंदी केली, तेव्हा राखण त्याच्याकडेच आली.

एका सकाळी जीपमधून बंदूकवाले उतरले. काठावर त्याचे धोतर होते. पाण्यावर कितीतरी पालथी मडकी तरंगत होती आणि त्यांच्यामधून बदके निर्धास्त पोहत होती.

"एका मडक्यात राखणदाराचं डोकं आहे," मी चाचरत म्हणालो.

"कोणत्या? चेष्टा करता, मास्तर?"

"मला खरंच ठाऊक नाही."

बंदूक खाली आली. जीप दिसेनाशी झाल्यावर मी त्याला हाक मारली.

"हळू, मास्तर. पाखरं बुजत्यात," पाण्यातून आवाज आला.

एकही मडके हलले नव्हते.