छप्पर नसलेला आडोसा

तुळसाबाईला तिसऱ्यांदा तापानं फणफणत असताना डिस्पेन्सरीत आणलं, तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. ती भंडाऱ्याकडची. भिलाईत प्लांटच्या बांधकामावर घमेली वाहायची. मी तिथली नर्स. या खेपेला तिची कंबरही धरली होती. इन्फेक्शन मूत्राशयातून वर किडनीकडे निघालं होतं.

"उनाळी लागली, दुसरं काय," ठेकेदाराचे सुपरवायझर देशमुख म्हणाले. "हिच्या जागी दुसरी ठेवतो."

लघवीला जळजळ झाली की लोक उन्हाळी म्हणतात आणि उन्हाला दोष देतात. इथे तर ऐन थंडीतही रोज बायका यायच्या. बाईची मूत्रनळी आखूड असते, जंतू चटकन आत शिरतात. गरोदरपण, शुगर अशी कारणंही असतात. पण भरपूर पाणी प्यायलं आणि वेळेवर लघवी केली, की बरेचसे जंतू वाहून जातात.

"गोळ्यांबरोबर पाणी पितेस ना?" मी तुळसाबाईला विचारलं.

"पानी पेऊन जाऊ कोठी, बाई? पयले पळसाची झुडपं होती. आता बुलडोजरनं समदं साफ केलं. अंधार पडेपर्यंत आमी तशाच रायतो."

मी तडक देशमुखांना गाठून बायकांसाठी आडोसा मागितला. बरीच कुरकुर करून त्यांनी पत्र्याची चार टिनं उभी केली, दाराला पोतं लावलं. तरी एकही बाई आत जाईना.

"पाहा सिस्टर! आता तुमचीच कम्प्लेंट करतो."

"खुशाल करा. आधी शेजारच्या परांचीवर चढा."

"कावून?"

"चढा तर खरं."

ते चढले. मी आडोशात उभी राहिले आणि हात पोटाशी धरला. "देशमुखसाहेब, बोटं किती?"

ते तोंड उघडणार, तोच परांचीवरचे सगळे गडी एका सुरात ओरडले, "तीन!"

देशमुख तोंड पाडून उतरले. "छप्पर पाहिजे," मी म्हटलं, "आणि तुळसाबाईची जागा तिचीच राहील. नाहीतर उद्या मोठ्या साहेबांना चढवते."

संध्याकाळपर्यंत वर टिन ठोकलं गेलं.

माझी कम्प्लेंट झाली. बोलणी खाल्ली. पण गोळ्यांची बाटली आता लवकर रिकामी होईना. आठवड्यानं तुळसाबाई कामावर परतली. देशमुखांच्या समोर उभं राहून तिनं दोन लोटे पाणी रिचवलं आणि ताठ मानेनं त्या टिनाकडे चालू लागली.

तेव्हापासून कुणी जळजळ सांगितली, की मी औषधाआधी विचारते, "तुमच्या कामावर जायला जागा आहे का? आणि तिला छप्पर?"