विक्रोळी ते अंधेरी: गंगाराम बोलायला निघाला तो दिवस

मुलुंडहून अंधेरी हा काय प्रवास झाला, असं म्हणाल. आता नाहीच. घाटकोपरला मेट्रोत बसा, डुलकी लागायच्या आत अंधेरी येतं. मी सांगतेय ते ऐंशीच्या दशकातलं. तेव्हा मी बँकेत होते आणि रविवारी एका मानवी हक्क गटाचं काम करायचे. कोठडीत छळ झालेल्यांना हा गट डॉक्टर आणि वकील मिळवून द्यायचा, आणि छळ थांबावा म्हणून सरकारच्या मागे हात धुऊन लागायचा. बाबा म्हणायचे, "अगं, दुसरा छंद नाही मिळाला तुला?"

त्या रविवारी अंधेरीच्या एका शाळेत जनसुनावणी होती, एका निवृत्त न्यायाधीशांसमोर. आमची मागणी साधी होती: माणसाला पकडलं की घरच्यांना कळवा आणि डॉक्टरला तपासू द्या. पण ती कशासाठी, हे भोगलेल्यानंच सांगायला हवं होतं. तो माणूस म्हणजे गंगाराम. मूळचा मालवणकडचा, साकीनाक्याला वर्कशॉपमध्ये फिटर. चोरीच्या संशयावरून पोलिसांनी त्याला उचललं आणि चौकीत नेऊन तळपायांवर मारलं. पुढे चोर दुसराच निघाला. आमच्या डॉक्टरबाईंनी कित्येक महिने खपून त्याला पुन्हा चालता केलं. पण आत काय झालं ते त्यानं बायकोलाही सांगितलं नव्हतं. आज तो बोलेल का, हे आम्हा कोणालाच ठाऊक नव्हतं.

सकाळी विक्रोळीच्या चाळीत पोचले, तर गडी इस्त्रीचा शर्ट घालून तयार. त्याच्या बायकोनं, सुशीलावहिनींनी, घावणे आणि खोबऱ्याची चटणी पुढ्यात ठेवली. झकास! गंगारामनं मात्र घासही घेतला नाही.

बाहेर डॉक्टरबाई रिक्षा घेऊन थांबल्या होत्या. घाटकोपरचा रस्ता सरळ, पण त्यावर ती चौकी लागायची. बाई रिक्षावाल्याला म्हणाल्या, "पवईवरून घे रे." लांबचा फेरा, वर खड्डे असे की कंबरड्याची वाट लागली. पण तलाव दिसला आणि गंगाराम पहिल्यांदा बोलला, "पाणी बरा आसा हयचा." मरोळला उसळपाव खायला उतरलो, तेव्हा बाईंनी त्याला दार दिसेल अशी जागा दिली. मला हे सुचलंच नसतं.

शाळेत पोचताच बाईंनी सगळा हॉल हलवला. मधलं टेबल काढलं, कारण टेबलापलीकडून प्रश्न विचारणारे त्यानं पाहिले होते. दोन्ही दारं सताड उघडी ठेवली. त्याच्या पाठीमागे कोणी उभं राहायचं नाही, असं बजावलं. आणि शेवटचा नियम: गंगारामनं हात वर केला की सगळ्यांनी थांबायचं. का म्हणून विचारायचं नाही. न्यायाधीशांनी मान डोलावली.

गंगाराम बोलू लागला. नाव सांगितलं, काम सांगितलं. न्यायाधीशांनी हळूच विचारलं, "आत नेल्यावर काय झालं? तिथं कोण कोण..."

त्यानं हात वर केला.

हॉल चिडीचूप. न्यायाधीश अर्ध्या वाक्यात थांबले, कोणी खोकलंसुद्धा नाही. बाहेर रिक्षांचे भोंगे तेवढे ऐकू येत होते. संपलं, मला वाटलं, हा आता उठून जाणार. मला तर रडूच यायला लागलं. पण तो एकेकाच्या तोंडाकडे बघत बसला होता. बऱ्याच वेळानं त्यानं हात खाली घेतला.

"माफ करा सायबांनू," तो म्हणाला. "खराच थांबतास काय, ता बघूक हात वर केलंय. थंय चौकीत मी बोंबाबोंब केलंय, कोण थांबाक नाय. आता सांगतंय."

आणि त्यानं सगळं सांगितलं. पायांचं, पाण्याचं, शिव्यांचं. माझ्या अंगावर काटा आला तो आजही येतो. एवढं सोसलेला माणूस आधी आम्हाला पारखून घेतो आणि मग आमच्यावर विश्वास टाकतो! माणसात असं बळ असतं हे मी तोवर पाहिलं नव्हतं.

परत विक्रोळीला आलो तर सुशीलावहिनी नाक्यावरच उभ्या होत्या. "बोललास?"

"बोललंय. आता तुका पण सांगतंय."

वहिनींनी पदर तोंडाला लावला. आम्ही गुपचूप रिक्षात बसलो. मुलुंडला घरी आल्यावर बाबांनी विचारलं, "काय झालं गं?" मी सांगत गेले. त्यांनी पुन्हा छंदाचं नाव काढलं नाही.

सरकारचं उत्तर? अर्ज सादर झाले, मोर्चे निघाले, तेव्हा तरी कोणी दाद दिली नाही. राग आजही आहे. पण पुढे त्याच चौकीत शेजारच्या एका माणसाला नेलं, तेव्हा गंगाराम डॉक्टरबाईंना आणि मला घेऊन निघाला, तोही सरळ घाटकोपरच्या रस्त्यानं. पायरीशी तो थबकला. मी म्हटलं, "तू बाहेर थांब रे, आम्ही बघतो."

"नाय ताई. तो आत एकटोच आसा," असं म्हणून तो आमच्या आधी पायरी चढला.