मान हलली की घण पडतो

घणाच्या शेडमध्ये तोंडाचा उपयोग नसतो. दीड टनाचा घण खाली आला की पायाखालची जमीन उडते आणि पोटातलं पाणी कानात येतं. म्हणून तिथला सगळा कारभार मानेवर. सांडशीवाला तापलेलं लोखंड ऐरणीवर धरतो, डाव्या हातातल्या कुंच्यानं त्यावरच्या खपल्या झाडतो, हात मागे घेतो आणि मान खाली हलवतो. मान हलली की पायडलवाल्यानं पाय दाबायचा. त्यानं दुसरीकडं कुठं बघायचं नाही, फक्त मानेकडं बघायचं.

जागल्या बावीस वर्षं सांडशी धरत होता. नाव मात्र तीन महिन्यांपूर्वीचं, शेडनंच ठेवलेलं. तीन महिने झाले, गड्याची झोप पार उडाली होती. अंथरुणाला पाठ टेकली की अंथरूण चावायला उठे. डोळे तांबारलेले, अंगात सारखी खुमखुमी. घड्याळाची टिकटिक सोसवेना म्हणून ते भिंतीवर आपटून त्याचा भुगा केला. बायको घोरली म्हणून तांब्या फेकला. तो तिच्या कानाजवळून गेला आणि भिंतीचा गिलावा घेऊन पडला. तेव्हापासून ती स्वयंपाकघरात कडी लावून झोपे.

डॉक्टरनं चिठ्ठीवर एक लांबलचक इंग्रजी शब्द लिहिला आणि खाली लिहिलं, महिनाभर घणाजवळ जायचं नाही. चिठ्ठी फोरमनला द्यायची होती. दिली असती, तर जागल्याच्या हातात आवाराचा झाडू आला असता आणि सांडशी गेली असती मेव्हण्याकडं. हा मेव्हणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. जागल्यानंच त्याला कामाला चिकटवला, पायडलवर बसवला, आणि आता तोच सांडशीवर डोळा ठेवून होता. चिठ्ठी खिशात गेली ती खिशातच राहिली.

दाखवली फक्त ताईला. थोरली बहीण, शाळेत इंग्रजी शिकवायची. तिनं शब्द वाचला, ‘इन्सोम्निया’, आणि वर्गात सांगावं तसं सगळं सांगितलं. हा शब्द मुळात इंग्रजांचा नाहीच, लॅटिनमधून उचललेला. ‘सोम्नस’ म्हणजे झोप, पुढं ‘इन’ लावलं की झोप नाही. आधी इंग्रजीत त्याचं शेपूट वेगळं होतं, ‘इन्सोम्नी’ म्हणायचे. आजचं रूप मागाहून रुळलं. आणि सोम्नस हा रोमन लोकांचा झोपेचा देवही होता.

जागल्या म्हणाला, झोप येत नाही एवढं सांगायला यांना देव मध्ये घालावा लागला का.

ताई हसली नाही. म्हणाली, “त्या देवाला एक जुळा भाऊ आहे. मरण. हा येत नसला ना, तर तो येतो. चिठ्ठी दे फोरमनला.”

त्यानं हो म्हटलं आणि दिली नाही.

दोन दिवसांनी कपडे बदलायच्या खोलीत पँट झटकताना चिठ्ठी खाली पडली. मेव्हण्यानं उचलली, सगळ्यांदेखत अक्षर लावत वाचली.

“दाजी, आता झाडू घ्या. सांडशीला डोळे लागतात. तुमची नुसती भोकं राहिलीत.”

जागल्यानं त्याची मानगूट धरली आणि तोंड लोखंडी कपाटाच्या दारावर हाणलं. एकदा. परत एकदा. दार आत गेलं तरी थांबला नाही. चौघांनी मिळून ओढला तेव्हा मेव्हण्याच्या हनुवटीवरून रक्ताची धार लागली होती. जागल्यानं चिठ्ठी हिसकावली आणि भट्टीत टाकली. घरातलं भांडण म्हणून फोरमनकडं कुणी गेलं नाही. मेव्हण्यानं फरशीवरचा दात शोधला, नळाखाली धुतला आणि रुमालात बांधून ठेवला.

तिसऱ्या दिवशी, सकाळी अकराला, जागल्यानं लाल लोखंड ऐरणीवर ठेवलं. पायडलवर मेव्हणा होता. डावा हात कुंचा घेऊन आत गेला. भट्टीची ऊब तोंडावर येत होती. तीन महिने रुसलेली झोप नेमकी तेव्हा आली, लोण्यासारखी, आणि मान खाली पडली.

घण पडला.

मनगटापासून पुढं काही उरलं नाही. कुंच्याचा दांडा, बोटं, लोखंड, सगळं एकाच थापेत चपटं झालं आणि करपल्याचा वास सुटला. जागल्या ओरडत होता म्हणतात. पण दुसऱ्या घणाच्या आवाजात ते कुणाला ऐकू गेलं नाही. तोंड उघडं दिसलं तेवढंच.

दवाखान्यात त्याला गुंगी दिली. गुंगी उतरली तरी तो झोपलेलाच. जागा झाला तेव्हा ताई खुर्चीत होती आणि मेव्हणा दारात, ओठ सुजलेला. जागल्यानं त्याला जवळ बोलावलं.

“डोळे उघडे होते का रे माझे?”

“नाही दाजी. मिटले होते.”

“हात आत होता. दिसला?”

“दिसला.”

जागल्यानं आणखी जवळ ये अशी खूण केली. काय होणार हे मेव्हण्याला कळलं होतं, तरी तो वाकला. उरलेल्या मुठीत होतं नव्हतं तेवढं बळ आणून जागल्यानं ठोसा दिला. दुसरा दात चादरीवर पडला. सलाइनची सुई निसटून दोघांचं रक्त एकाच चादरीवर सांडलं. नर्स धावत आली.

दुपारी चौकशीचा साहेब वही घेऊन आला. मान हलली होती का, एवढंच त्यानं जागल्याला विचारलं.

“हलली होती.”

साहेब गेल्यावर ताई भडकली. त्यानं जाणूनबुजून हात चिरडला आणि तू त्याला सोडतोस? बायकोचा भाऊ म्हणून?

“भाऊ गेला खड्ड्यात,” जागल्या म्हणाला. “चिठ्ठी मी जाळली ना.”

ती आणखी बरंच बोलली. तो घोरायला लागला होता.

वहीत मेव्हणा सुटला. शेडमध्ये मात्र सगळ्यांनी त्याला दात रुमालात बांधताना पाहिलं होतं. फोरमननं त्याच्या पायडलपुढं एकेका सांडशीवाल्याला उभं करून बघितलं. एकजणही मान हलवेना.