चिंचेखालचा फुटबॉल

आमच्या जुन्नरच्या मातीने देशाला एक थोर फुटबॉलपटू दिला. हे वाक्य माझं नाही. ते धर्मशाळेच्या ओसरीत संगमरवरी फरशीवर कोरलेलं आहे, आणि संगमरवराशी सहसा कुणी वाद घालत नाही. पण मी त्या फुटबॉलपटूच्या शेजारी एका बाकावर बसत असे, त्यामुळे माझी थोडी अडचण होते. तो जन्मला सिंधमध्ये. चेंडू आला पुण्याहून. मैदान एका शेतकऱ्याचं होतं आणि भुईमूग काढून झाल्याशिवाय तो आम्हाला त्यात पाय ठेवू देत नसे. त्या खेळात आमचं स्वतःचं म्हणावं असं एकच होतं, ते म्हणजे नियम; आणि ते सगळे चुकीचे होते.

फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची बरीच कुटुंबं पुण्याच्या बाजूला आली. त्यातलं एक, कसं कोण जाणे, आमच्या गावी येऊन पोचलं. वडील, आई, हा माझा बाकावरचा मित्र आणि त्याच्या दोन धाकट्या बहिणी. वडिलांचं म्हणणं असं की तिकडे त्यांचं कापडाचं दुकान होतं आणि बसायला गादी होती. इथे ते गळ्यात पत्र्याचा ट्रे अडकवून बाजारात फण्या, सुया, केसांचे आकडे आणि रिबिनी विकत. गादीवर बसणाऱ्या माणसाची ऐट त्यांनी उभ्यानेच सांभाळली होती. आई पापड लाटून घरोघर देई. राहायला धर्मशाळेच्या ओसरीचा एक कोपरा आणि त्याला गोणपाटाचा पडदा.

धर्मशाळेच्या दारावर काळ्या अक्षरांत लिहिलं होतं, की प्रवाशांना तीन रात्रींपेक्षा जास्त राहता येणार नाही. हे कुटुंब तिथे बरीच वर्षं राहिलं. धर्मशाळेचे चिटणीस गुळाचे व्यापारी होते. नियम मोडायची त्यांना भीती वाटे आणि माणसं बाहेर काढायची त्याहून जास्त. त्यावर त्यांनी तोड काढली होती. अधूनमधून ते ओसरीवर येत आणि पडद्याच्या अलीकडे उभे राहून विचारत,

"काय पावणं, झाल्या का तीन राती?"

"गिनती चालू है, साईं," आतून वडिलांचं उत्तर येई.

"मोजा, मोजा. घाई न्हाई."

एवढ्यावर नियम पाळला गेला असं दोन्ही बाजू समजत.

आम्ही इंग्रजी शाळेत होतो तेव्हा सरकारकडून खेळाचं सामान आलं. लेझीम, डंबेल्स, आणि एक फुटबॉल. तो खेळायचा कसा हे सांगणारा कागद बरोबर नव्हता. चेंडू गोल आहे, त्यात समजावण्यासारखं काय आहे, असं सरकारला वाटलं असावं. आमचे ड्रिलमास्तर वारूळवाडीचे, उमेदीत हुतूतूचे नामी गडी. त्यांनी चेंडूभोवती एक फेरी मारली, कलिंगड दाबून पाहतात तसा अंगठ्याने दाबून पाहिला आणि निर्णय दिला.

"ह्यात अवघड काय बी न्हाई. हुतूतूच हाय. फकस्त दम तोंडात धरायचा त्यो पायात धरायचा."

त्यानुसार नियम ठरले. ज्याच्या पायातला चेंडू समोरच्याने काढून घेतला, तो गडी मेला. मेलेल्याने मैदानाच्या कडेच्या चिंचेखाली जाऊन मुकाट्याने बसायचं. आपल्या बाजूने गोल केला की आधी मेलेला गडी उठणार आणि परत खेळात येणार. संजीवनी हुतूतूत हे असंच असतं, त्यामुळे कुणाला त्यात नवल वाटलं नाही. सुरुवातीला चेंडू नेताना तोंडाने "हुतूतू हुतूतू" म्हणायचाही नियम होता. दोन मुलं घेरी येऊन पडली, तेव्हा हेडमास्तरांनी तो बंद करायला लावला. आपल्याच गड्याला चेंडू देणं नियमात बसत होतं, पण अब्रूत बसत नव्हतं. कुणी दिलाच तर ड्रिलमास्तर ओरडत, "परसाद वाटतूस व्हय रं? तुझ्याकडं आलाय, तूच ने."

मेल्यावर वाईट वाटायला हवं, पण झाड चिंचेचं होतं. चिंचा गाभुळल्या की आमच्या संघातले निम्मे गडी पहिल्या पाच मिनिटांत मरत.

माझा मित्र मात्र मरत नसे. पुढे त्याच्या पायांतल्या जादूबद्दल पुष्कळ बोललं गेलं. कुणी म्हणे उपजत देणगी, कुणी म्हणे निर्वासिताची जिद्द. खरं कारण असं की शेवटपर्यंत जिवंत राहील त्याला ड्रिलमास्तर स्वतःच्या उपरण्यातून ओंजळभर गूळ-शेंगदाणे देत. आम्ही घरी जेवून आलेलो असायचो. तो बहुतेक वेळा नसायचा, आणि त्याच्या बहिणी तर नाहीच. चेंडू पायातून सुटला तर संध्याकाळी तिघांनी काय खायचं, असा त्याचा प्रश्न होता. अशा माणसाच्या पायातून चेंडू काढणं कठीण असतं. शेंगदाणे मिळाले की तो दोन खाई, बाकीचे टोपीत बांधी.

ड्रिलमास्तरांचे मेहुणे घोडेगावच्या शाळेत होते, त्यामुळे हा खेळ आंबेगाव तालुक्यातही गेला. दोन तालुके एका पद्धतीने खेळतात म्हणजे देशही तसाच खेळत असणार, असं आम्ही धरून चाललो. घोडेगावशी झालेला एक सामना मला आठवतो. अर्ध्या तासात त्यांचे सगळे गडी मेले आणि आमच्यात हा एकटा उरला. समोर गोल मोकळा. याने चेंडू टाकावा आणि घरी जावं, तर मधून शेतकऱ्याच्या दोन म्हशी चालल्या होत्या. ड्रिलमास्तरांनी हात वर करून त्याला थांबवलं. म्हशी सावकाश गेल्या. दोन्ही बाजूंचे एकवीस मेलेले चिंचा चोखत बघत होते. मग त्याने गोल केला आणि आमचा एक मेलेला उठून, आता कुणाशी खेळू, असं विचारू लागला.

आम्ही मॅट्रिकच्या वर्षाला असताना मुंबईच्या एका दानशूर गृहस्थांनी धर्मशाळेला फरशी बसवून द्यायचं कबूल केलं. अट अशी की ओसरी मोकळी पाहिजे. चिटणीस आले, पण या वेळी त्यांनी नेहमीचा प्रश्न केला नाही.

"पावणं, आता मोजू नका," ते म्हणाले. "शिमग्यानंतर कामाला लागणार हाईत. मी लई सांगून बघितलं."

त्या आठवड्यात त्याच्या आईने पापड लाटले ते जाड झाले आणि माझ्या आईने ते न बोलता घेतले. वडील दोन दिवस नारायणगावला खोली बघत फिरले. निर्वासित म्हटल्यावर लोक चहा देत, खोली देत नसत.

माझे मामा पुण्यात एका कारखान्यात होते. त्या कारखान्याचा फुटबॉलचा संघ होता आणि संघात घेतलेल्याला नोकरी आणि दोन खोल्यांचं क्वार्टर मिळे. मामांनी निरोप धाडला, की रविवारी निवड आहे, पोराला आणा. वडिलांचा बाजार बुडवण्यासारखा नव्हता, म्हणून मी निघालो आणि फेटा बांधून ड्रिलमास्तर निघाले. एसटीत बसताना वडील त्याला एवढंच म्हणाले, "पुट, दो कमरे."

पुण्याच्या मैदानावर टाय लावलेले एक साहेब होते. ते कारखान्याचे लेबर ऑफिसर आणि संघाचे व्यवस्थापक. त्यांनी जमलेल्या मुलांना उन्हात उभं करून खिलाडूवृत्तीवर भाषण केलं. मग दोन बाजू करून खेळ सुरू झाला. मामांनी मागून आणलेले बूट याने पाच मिनिटांत काढून ठेवले. चेंडू पायाला कळत नाही म्हणाला. मग त्याच्याकडे चेंडू आला. त्याने तो कुणालाच दिला नाही. समोरचे चार चुकवले, वाटेत आलेले स्वतःच्या बाजूचे दोन चुकवले आणि गोल केला. साहेबांनी चष्मा पुसला. थोड्या वेळाने पुन्हा तेच. मामांनी माझा दंड दाबला. मी मनातल्या मनात दोन खोल्यांत त्यांचं सामान लावू लागलो. त्याला फार वेळ लागला नाही.

तेवढ्यात एका आडदांड फिटरने पाय घालून त्याचा चेंडू काढून घेतला. खेळ पुढे गेला. हा थांबला, गुडघे झटकले आणि शांतपणे चालत रेषेबाहेर आला.

"अरे, इथे चिंच कुठे आहे?" त्याने मला विचारलं.

"चिंच नाही. गुलमोहर आहे."

"चालेल?"

"चालेल असं वाटतं."

तो गुलमोहराखाली मांडी घालून बसला. साहेब लगबगीने आले.

"लागलं का?"

"नाही, साहेब."

"दम लागला?"

"नाही, साहेब."

"मग झालं काय?"

"मेलो, साहेब."

साहेबांनी मामांकडे पाहिलं, मामांनी माझ्याकडे, मी गुलमोहराकडे. ड्रिलमास्तर पुढे झाले.

"सायेब, त्या दांडग्यानं चेंडू काढला न्हवं ह्याच्या पायातनं? तुमच्या डोळ्यांदेखत. मंग गडी मेला. आता गोल झाला की उठंल."

"मास्तर, फुटबॉलमध्ये कुणी मरत नाही."

"म्हंजे तुमच्या पुण्यात मेल्याली मानसं बी खेळत्यात व्हय?"

साहेबांनी मैदानाकडे पाहिलं. त्यांचा संघ मागच्या मोसमात तळाला होता.

मी त्याच्याजवळ जाऊन बसलो. "अरे, ऊठ. इथले नियम वेगळे दिसतात. क्वार्टर जाईल."

"असं कसं उठू?" तो म्हणाला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता, पण मांडी मोडली नव्हती. "फुकटचं जिवंत व्हायचं का?"

गोष्ट मैदानात पसरली. त्याच्या बाजूचा एक टर्नर म्हणाला, "चला रे, आधी त्याला उठवू." ते एकमेकांना चेंडू देत देत पुढे गेले. हे पाहून ड्रिलमास्तरांनी मान फिरवली. समोरचा गोलकीपर पोराबाळांचा माणूस होता. त्याने उडी मारली, पण चेंडूच्या बाजूला नाही. गोल झाला. माझा मित्र उठला, चड्डी झटकली, आत गेला आणि राहिलेल्या वेळात आणखी दोन गोल केले.

शेवटी साहेबांनी ड्रिलमास्तरांना बाजूला घेतलं. त्या दिवसांत कारखान्यात संपाची कुजबुज होती.

"हा मुलगा एरवीही असाच आहे? म्हणजे चुकलं की वाद न घालता जाऊन बसतो?"

"उठवल्याबिगर उठायचा न्हाई, सायेब."

साहेबांनी त्याला घेतलं. मामा पुढे सांगत, की गोल चार झाले होते, पण निवड त्या बसण्याने झाली.

खरे नियम तो आठवडाभरात शिकला. चेंडू दुसऱ्याला द्यायची लाज जायला मात्र वर्ष लागलं. पुढे तो राज्याकडून खेळला, वर्तमानपत्रांत त्याचे फोटो आले. ओसरीतल्या संगमरवरावर 'देश' आहे, पण कोरणारा अक्षरावर पैसे घेत असे आणि देश हा शब्द राज्याइतकाच पडतो. कारखान्यात एकदाचा संप झाला, तेव्हा तो फाटकाबाहेरच्या गुलमोहराखाली जाऊन बसला आणि मागण्या मान्य होईपर्यंत उठला नाही. साहेबांना तक्रारीला जागा नव्हती.

क्वार्टर मिळून ते कुटुंब जुन्नरहून निघालं तेव्हा मी ओसरीवर होतो. पडदा काढून घडी केलेला, ट्रे गळ्यात. चिटणीस गुळाची एक ढेप घेऊन आले आणि घोटाळत उभे राहिले.

"आजची रात ऱ्हावा की, पावणं."

"नहीं, साईं," वडील म्हणाले. "तीन हो गयीं."

बऱ्याच वर्षांनी त्याच्या गौरवाच्या त्या संगमरवरी फरशीचं अनावरण झालं तेव्हा तीन वक्ते होते आणि तिघांनी शिवनेरीपासून सुरुवात केली. या मातीने निर्वासिताला कसं पोटाशी धरलं, हे चिटणिसांनी सांगितलं. ती फरशी जिथे पडदा होता त्याच भिंतीत बसवली आहे. तिच्याखाली, त्याच समारंभासाठी नव्याने रंगवलेल्या अक्षरांत लिहिलं आहे, की प्रवाशांना तीन रात्रींपेक्षा जास्त राहता येणार नाही.