आमच्या ऑफिसातली आई-टेस्ट

चार्जर कुणी मुद्दाम जमवत नाही. तरी घरातलं कुठलंही ड्रॉवर उघडा, वायरींचा एक गुंता निघतोच, आणि त्यातलं एकही टोक आपल्या फोनला बसत नाही. आमच्या ऑफिसातले किस्से असेच जमलेत. कुणी जमवले नाहीत, पण टाकवतही नाहीत.

आम्ही इंटरनेटवरून बोलायची ॲप्स बनवतो. एखाद्या वेबसाइटवर 'आमच्याशी बोला' असं हिरवं बटण असतं ना, किंवा सोशल नेटवर्कवर मित्राच्या नावापुढे छोटासा फोन? तो दाबला की आवाज इकडून तिकडे पोचवायचा, हे आमचं काम. ऑफिस तिकडे कानडी मुलखात, इंदिरानगरला, एका बेकरीच्या वर. दुपारी पफ भट्टीतून निघाले की सगळ्या कंपनीचं लक्ष खाली जातं.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. या किश्शांत बसवराज ऊर्फ बसू नावाचा एक माणूस वारंवार येणार आहे. निपाणीचा, माझ्याच वयाचा, माझ्याच टीममधला. आणि मी त्याच्यावर जळतो. जळायचो नव्हे, जळतो. एवढं धरून पुढचं ऐका.

* * *

बसू आला तो दिवस.

आमचा एक ग्राहक गाद्या विकायचा. त्याच्या वेबसाइटवर आम्ही बटण बसवून दिलं होतं. तक्रार अशी, की गिऱ्हाइकाचा आवाज त्याला खणखणीत यायचा, पण त्याचा आवाज गिऱ्हाइकाला विहिरीतून आल्यासारखा. मी आठवडाभर कोड उलटापालटा करत होतो. आवाजाचा दर्जा वाढवला, सर्व्हर बदलला, के. आर. पुरमला घरी जाताना बसमध्येही तेच डोक्यात. विहीर काही आटेना.

बसूचा ऑफिसातला तो पहिला दिवस. अजून त्याला खुर्चीही मिळाली नव्हती. माझ्या मागे उभा राहून त्याने गादीवाल्याशी चाललेला माझा कॉल थोडा वेळ ऐकला, आणि मधेच वाकून माइकमध्ये म्हणाला, "सर, लॅपटॉप एल्लि इट्टिद्दीरि?" म्हणजे, लॅपटॉप ठेवलाय कुठे?

कानडी ऐकून गादीवाला खुलला. म्हणाला, दुकानात धूळ फार. म्हणून गादीच्या फोमचं जाड कव्हर शिवून घेतलंय लॅपटॉपला. कॉल घेताना स्क्रीनपुरतं उघडतो, बाकी सगळं झाकलेलं.

आमच्या बॉस रेवती मॅडम, त्यांनी चक्क टाळ्या वाजवल्या. मी म्हटलं, "मॅडम, माझ्या नव्या कोडमुळे आवाज फोममधूनसुद्धा बाहेर येत होता, त्याचं काय?"

माझ्याकडे कुणी बघितलं नाही. बसूला खुर्ची मिळाली, ती माझ्या शेजारची.

* * *

जगात दुसरीकडे कुठे असेल असं वाटत नाही, पण आमच्याकडे आई-टेस्ट असते.

रेवती मॅडमचं म्हणणं, "ऑफिस के वायफाय पे तो सब अच्छा सुनाई देता है. माँ को लगाओ." आई गावाकडे असते, तिथे नेटवर्क यथातथाच असतं, तिच्याकडे पेशन्स नसतो आणि पोराला वाईट वाटेल याची तिला अजिबात भीती नसते. असा टेस्टर पगार देऊनही मिळणार नाही. म्हणून नियमच झाला: ॲपचं नवं व्हर्जन आयांनी पास केल्याशिवाय ग्राहकाकडे जाणार नाही.

मॅडमची आई तिरुचीला. ती प्रत्येक व्हर्जनला एकच सांगते, "बारीक झालीस." नुसत्या आवाजावरून.

बसूची आई निपाणीला. ती म्हणते, "बेस हाय की. शेजारच्या खोलीतनं बोलल्यागत वाटतंय." पास.

आणि माझी आई, कऱ्हाडला. मी "हॅलो आई" म्हणायचा अवकाश, "केदार, आवाज बसलाय तुझा. आल्याचा चहा घे."

मी सांगायचो, "अगं, माझा घसा ठणठणीत आहे. हे ॲप आहे."

"ॲपला काय होतंय? तू चहा घे."

नापास. एकच व्हर्जन, एकच सर्व्हर, तीच संध्याकाळ, आणि त्याची आई पास करणार, माझी नापास. शेवटी आमच्या बिघाडांच्या नोंदीत 'जिंजर टी' हा प्रकारच तयार झाला. आवाज घोगरा येतोय असं कुठल्याही ग्राहकाने कळवलं, की मॅडम मोठ्याने वाचायच्या, "जिंजर टी!" मराठीतलं त्यांना 'आल्याचा चहा' एवढंच येतं, आणि तेही माझ्याकडे बघूनच म्हणतात.

* * *

एकदा मात्र मी पास झालो.

मागचा गोंगाट गाळून टाकायची सोय मी बनवत होतो. कुकरची शिट्टी, पंखा, कुत्र्याचं भुंकणं, सगळं गायब आणि बोलणाऱ्याचा आवाज तेवढा शिल्लक. खूप खपलो होतो त्यावर. टेस्टसाठी आईला फोन लावला, स्पीकरवर टाकला, अख्खं ऑफिस गोळा झालं.

आईने बहिणीच्या सासरचं काहीबाही सांगितलं, आवाज अगदी स्वच्छ. मग थांबली आणि म्हणाली, "हे काय म्हणतायत ते ऐकलंस ना?"

"कोण काय म्हणतंय?"

"अरे, तुझे बाबा. मघापासून शेजारी बसून बोलतायत."

आम्हाला काहीच ऐकू आलं नव्हतं. बाबा एका सुरात बोलतात, न थांबता. माझ्या कोडने त्यांना पंखा समजून गाळून टाकलं होतं. मी घाईघाईने म्हटलं, "आई, चूक झाली, आजच दुरुस्त करतो."

मग आई हळूच म्हणाली, "नको. हे व्हर्जन राहू दे."

ऑफिस हसून लोळलं. मीही हसलो. पुढे काय झालं ते ऐका. बसूने हाच किस्सा कानडीत रंगवून दोन ग्राहकांना सांगितला, आणि दोघांनीही ती सोय विकत घेतली. कोड माझा, आई माझी, बाबासुद्धा माझे, आणि मॅडम म्हणतात, "बसू, व्हॉट अ स्टोरी!" पोटात दुखणार नाही तर काय होईल?

* * *

एका शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचं छोटं सोशल नेटवर्क होतं. त्यात प्रत्येक फोटोखाली कॉलचं बटण हवं होतं. ते मी बसवलं, आणि 'लाइक'च्या इतकं जवळ बसवलं, की जाड बोटाच्या माणसाने लाइक केलं की फोन लागायचा.

सभासद बहुतेक निवृत्त. आठवडा उलटायच्या आत एका गृहस्थांची संतापलेली मेल आली. वर्गातल्या एका बाईंनी नातवाचा फोटो टाकला होता. हे सभ्यपणे लाइक करायला गेले तर थेट फोन लागला, आणि बाईंनी उचलला. शाळा सुटल्यापासून दोघं एकमेकांशी बोललेले नव्हते. 'हा काय चावटपणा आहे? बटण ताबडतोब हलवा.'

मॅडमनी मला झाप झाप झापलं. मी बटण हलवलं.

पुढच्याच आठवड्यात त्याच गृहस्थांची दुसरी मेल. 'पूर्वीची सोय अधिक उत्तम होती. कृपया बटण जागेवर आणावे.'

त्यानंतर ऑफिसात धारवाडी पेढ्यांचा भलामोठा बॉक्स आला. वर नाव बसवराजचं, कारण मेलना उत्तरं तो लिहायचा. आयत्या बिळावर नागोबा! बसूने बॉक्स सगळ्यांत आधी माझ्यापुढे धरला. "घ्या की अण्णा, चूक तुमचीच हाय."

कानडीत अण्णा म्हणजे थोरला भाऊ. त्याला वाटतं तो मान देतो. मला वाटतं तो माझ्या टकलाबद्दल बोलतो. पेढा मी दोनदा घेतला.

* * *

आता खरं दुखणं.

मला ताप आला होता म्हणून एका व्हर्जनची टेस्ट माझ्या आईबरोबर बसूने केली. एकदाच, असं ठरलं होतं. पण आईने पास केलं! पहिल्या झटक्यात! मॅडम म्हणाल्या, मग यापुढे कऱ्हाडचा कॉल बसूच करेल. कामाच्या दृष्टीने बरोबरच होतं.

मी शेजारच्याच खुर्चीवर. रोज ऐकायचो, "काय वो मावशी, जेवलासा काय?" आणि पुढे बराच वेळ नुसतं हसणं. माझ्याशी आईचं बोलणं म्हणजे जेवलास का, झोपलास का, ठेवते. याच्याशी मात्र गोष्टी संपायच्या नाहीत. टेस्ट केव्हाच संपलेली असायची.

एकदा डबा खाता खाता बसू म्हणाला, "अण्णा, बाबांचा गुडघा आता बरा हाय म्हणं."

"कुठला गुडघा?"

बसूचा घास हातात राहिला. "तुमाला सांगितलं न्हाई व्हय? काळजी कराल म्हणून असंल."

त्या दिवशी मी जेवलो नाही. बाबांच्या गुडघ्याची काळजी होती हे खरं, पण त्याहून जास्त राग होता. माझ्या बापाचा गुडघा मला निपाणीमार्गे कळावा?

मग दिवाळीत कऱ्हाडहून पार्सल आलं. लसणीच्या चटणीच्या दोन बरण्या. मोठीवर लिहिलेलं 'बसू', छोटीवर 'केदार'. मी जिन्यात जाऊन आईला साधा फोन लावला.

"मोठी बरणी त्याला का?"

"अरे, त्याला तिथे कोण आहे?"

"आणि मला कोण आहे?"

"तुला बसू आहे की," आई म्हणाली.

* * *

आणि हा परवाचा.

आमच्याकडे टीम लीडची जागा बरेच दिवस रिकामी होती. मी बसूच्या आधीपासून तिथे. मला ती हवी होती, आणि ती बसूला मिळणार हे बेकरीवाल्यालाही ठाऊक होतं. तेवढ्यात लग्न जुळवणारं एक मोठं नेटवर्क ग्राहक म्हणून यायला तयार झालं. मुलामुलींनी नंबर न देता एकमेकांशी बोलावं, अशी सोय त्यांना हवी होती. मॅडमनी जाहीर केलं: जो डेमो देईल तोच हे काम सांभाळेल, तोच लीड.

आणि नाव घेतलं माझं.

मला खरं वाटेना. बसूकडे बघितलं तर तो नेहमीसारखा हसत होता. "सरी अण्णा, बेस झालं, पार्टी लागली." मनात म्हटलं, शेवटी मॅडमचे डोळे उघडले. खरं सांगतो, त्याच्या पडलेल्या चेहऱ्याची मी वाट बघत होतो. तो पडला नाही, तेही मला आवडलं नाही.

हेब्बाळच्या एका टेक पार्कात डेमो. मी, मॅडम आणि लॅपटॉप जोडून द्यायला बसू. समोर ग्राहकाची माणसं, त्यांतल्या कुणालाच मराठी येत नव्हतं. मी बोललो, छान बोललो. मग त्यांच्या मुख्य बाई म्हणाल्या, "तुमच्याच ऑफिसात फोन लावून दाखवू नका. खऱ्या माणसाला लावा. लांब, साध्या नेटवर्कवर."

मॅडम अभिमानाने म्हणाल्या, "वी हॅव अ मदर टेस्ट." आणि माझ्याकडे बघितलं.

मी आईचं नाव दाबलं. रिंग वाजायला लागली तेव्हा स्क्रीनच्या कोपऱ्याकडे लक्ष गेलं. टेस्टसाठीचं प्रोफाइल बसूने बनवलेलं होतं. कऱ्हाडला आईच्या फोनवर आत्ता बसवराजचं नाव आणि बसवराजचा फोटो होता. कट करायला हात पुढे केला, तोवर आईने उचलला.

"हॅलो," मी म्हटलं.

"हां, बोल बसू," स्पीकरवर आईचा आवाज खोलीभर झाला. "झाला का रे त्याचा डेमो? मॅडमना सांगून तू त्याला पुढे केलंस ते फार बरं केलंस हो. पण त्याला कळू देऊ नकोस. जळका आहे थोडा, लहानपणापासूनच. बहिणीला नवा फ्रॉक आणला तरी ताप यायचा त्याला. पण जीव लावतो रे. तुझ्यावरही लावेल, वेळ लागेल जरा."

ग्राहकाच्या बाई मान डोलावत होत्या. आवाज इतका स्वच्छ होता. मॅडम खूश होत्या. बसू लॅपटॉपच्या वायरीकडे बघत होता, आणि त्याचे कान लाल झाले होते.

"ऐकतोयस ना?" आई म्हणाली. "आज त्याला कुठेतरी जेवायला घेऊन जा. एकटा खात नाही तो नीट."

मी बसूकडे बघितलं. त्याने वर बघितलं नाही.

"नेतो की मावशी," मी म्हटलं.



"ने," आई म्हणाली. "आणि जाताना आल्याचा चहा घे. आवाज बसलाय तुझा."