पाय पाहणारा डॉक्टर

घाटोळे डॉक्टर शनिवारी जामसांवलीच्या देवळात जात, पण मारुतीकडे पाहत नसत. पाहत भक्तांच्या पायांकडे. दर्शन झालं की माणसं देवाला पाठ न दाखवता उलट्या पावलांनी मागे सरकतात. त्यात जो कोलमडे, त्याला ते बाहेर गाठून विचारत, "कोन्त्या खाणीत हायेस बाप्पा?"

ते सौंसरच्या सरकारी दवाखान्यात होते. आमच्याकडे मँगनीजच्या खाणी. तिथली काळी धूळ वर्षानुवर्षं छातीत गेलेल्या माणसांचे हात थरथरत, चेहरा थिजे, उलटं चालताना तोल जाई. मॅनेजर म्हणे, मोहाची पिऊन येतात. घरचे म्हणत, बाहेरची बाधा, आणि मारुतीकडे आणत. डॉक्टर चिडत. "भूतच हाय तं खाणवाल्यांच्याच मागं काहून लागून राहिलं? संत्र्याच्या बगीच्यातल्या माणसाले काहून नाई धरत?"

खाणीत कामाला असलेला माझा दादाही त्या देवळातच मागे सरकताना पडला. आम्हीच त्याला अंगाऱ्यासाठी नेलं होतं. याला आजच्या आज खाणीतून काढा, डॉक्टरांनी बजावलं. दादा कसला ऐकतो! घर त्याच्या एकट्याच्या मजुरीवर होतं. मग डॉक्टरच मॅनेजरच्या मागे लागले: याला वर उघड्यावर काम द्या, सुरुंगाची भोकं पाडताना पाणी सोडा, धूळ बसेल. पाणी कुठून आणू, मॅनेजर म्हणाला. त्याच्या बंगल्यापुढचे गुलाब मात्र भर वैशाखात टवटवीत होते. जळोत मेले ते गुलाब.

शेवटी डॉक्टरांनी नागपूरच्या बड्या सरकारी साहेबाला देवळात उभं करून ते पाय दाखवले. साहेब हादरला. दिवाळी झाली की येतो आणि खाण बंद करतो, म्हणाला. नेमकी त्याच दिवाळीत, छप्पन साली, राज्यांची फेररचना झाली. नागपूर मुंबईकडे गेलं, आम्ही भोपाळकडे. त्या साहेबाचा आमच्यावरचा अधिकारच संपला. भोपाळचा नवा साहेब आला, मॅनेजरकडे जेवला आणि डॉक्टरांची बदली करून गेला. दादा खाणीतच राबत राहिला, अंथरूण धरेपर्यंत.

निघण्याआधी डॉक्टर घरी आले. दादाला कप धरवत नव्हता, तर त्यांनीच बशीनं त्याला चहा पाजला. मायनं विचारलं, "डॉक्टरसाहेब, आता तं खाण सुटली त्याची. बरा होईन ना माहा पोरगा?"

दुसरा कोणी असता तर धीर देऊन निघून गेला असता.

"नाई मावशी," ते म्हणाले. "आता नाई होत. तवाच बाहेर काढला असता तं चालता-फिरता राह्यला असता."

माय उठून आत गेली. त्यांना निरोप द्यायलासुद्धा बाहेर आली नाही.

त्या हिवाळ्यात मॅनेजरनं दादासाठी एक घोंगडी पाठवली. मायनं त्याला तोंडभरून आशीर्वाद दिला. डॉक्टरांच्या नावानं मात्र ती मरेपर्यंत बोटं मोडत राहिली.